पायरीला मारलेली चापट

काशीद, मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार

"मुंगी मेली" म्हणून मी तुझी थट्टा केली, असं लिहिणारा तुझा वकील लहानपणी एकदाही पडला नाही का? की त्याच्या आईनं त्याला कडेवरून खाली सोडलाच नाही कधी? इंग्रजी नोटीस आलीय त्याची, केतनच्या आणि माझ्या नावानं. माझी नातसून कल्पिता, तिनं मराठीत सांगितली. धंदा माझ्या नातवाच्या, केतनच्या नावावर, म्हणून तो एक नंबर. घर माझ्या नावावर, म्हणून मी दोन नंबर. या घरात मला दोन नंबरला अजून कुणी बसवलं नव्हतं.

आता नमस्कार, सुचिता. मी बायजा. दिवाळीच्या सुट्टीत तू लेकाला घेऊन आमच्याकडे राहायला आली होतीस, समुद्राकडच्या खोलीत, आणि आमच्या पुढच्या पायरीवर पडलीस. त्या घरातली म्हातारी मी. तुला अगंतुगं करते, तू माझ्या म्हसळ्याच्या लेकीएवढी. राग आला तर वकिलाला सांग, आणखी एक पान वाढवील.

पत्ता तुझा नोटिशीवरच मिळाला. केतनला सांगितलेलं नाही. तो म्हणतो, "आजी, त्यांच्याशी एक शब्द बोलायचा न्हाय. केस हाय." मी म्हटलं, "कोण बोलतंय?" आणि लिहायला बसले. आज गुरुवार, घरात मासळी नाही, हात मोकळे आहेत. चौथीपर्यंत शिकले होते, त्यातलं उरलंय तेवढ्यावर भागवते.

पहिलं विचारायचंय ते हे. ती नोटीस तू वाचलीस का? की तुझ्या लेकानं, प्रज्योतनं, परस्पर धाडली? कारण तू ठाण्याची असलीस तरी मराठी बाई आहेस. पोर पडलं की काय करतात ते तुला माहीत नाही असं होणार नाही. जमिनीला चापट मारायची. "हात् मेल्या, माझ्या बाळाला पाडतोस?" म्हणायचं. ह्यानं दादाला पण पाडलं होतं, ताईला पण पाडलं होतं, असं काहीबाही सांगायचं, म्हणजे पोराला वाटतं की पडणारं आपण एकटंच नाही. मग म्हणायचं मुंगी मेली. पोर मुंगी शोधायला लागतं आणि रडायचं विसरतं.

मी तेच केलं. तू खाली बसून ओठ चावत होतीस, तुझा लेक मोबाईल धरून उभा, केतनचा चेहरा चुन्यासारखा. कुणीतरी काहीतरी करायला पाहिजे होतं. मी पायरीला चापट मारली आणि म्हटलं, "मेली खट्याळ पायरी, आधी पण दोघांना पाडलंय हिनं! रडू नको बाय, मुंगी मेली."

त्याचं नोटिशीत काय झालं ते ऐक. मालकिणीनं मान्य केलं की पायरी वाईट आहे. मालकिणीनं मान्य केलं की आधी दोन माणसं तिथं पडलीत. आणि मग मुंगीचं नाव काढून जखमी बाईची चेष्टा केली. कल्पिता वाचताना मुंगीला हसली, पण दोन माणसांपाशी तिची जीभ अडखळली. म्हटलं इंग्रजी कठीण असेल.

दोन कुठली? एक पण नाही. ते बोलायचं असतं.

दुसरं. तू पडलीस कशी? मी आत तव्यापाशी होते, मला आवाज तेवढा आला. नोटिशीत लिहिलंय, तू "सावकाश आणि काळजीपूर्वक" चढत होतीस. सावकाश चढणारं माणूस खुबा मोडेल एवढं आपटतं कसं? भांडायला विचारत नाही. मला खरंच कळत नाही. कुठला पाय आधी गेला?

आणि खुबा कसा आहे? ऑपरेशन झालं, हे नोटिशीतच कळलं. तू तिसऱ्या मजल्यावर राहतेस आणि लिफ्ट नाही, ते पण तिथंच. मग तू खाली उतरतेस कशी? की उतरतच नाहीस?

बायजा


काशीद, एकतीस डिसेंबर

उत्तर नाही. टपालवाल्याला दोनदा विचारलं, तो म्हणाला, आजी, आता पत्रं कोण पाठवतं. म्हटलं मी पाठवते, तू तुझं बघ.

आज सगळं काशीद माणसांनी फुगलंय. रस्त्यावर गाड्या, किनाऱ्यावर उंट, घोडे, ढोल. आणि आमच्या खोल्यांना कुलूप. केस उभी राहिली तर काय, या धास्तीनं केतननं बुकिंग बंद ठेवलंय. पुढच्या दाराला दोरी बांधली. वकिलानं बजावलंय की पायरी आहे तशी ठेवा, धुऊ नका, फोडू नका, ती पुरावा आहे. एवढी वर्षं ती पायरी होती, आता पुरावा झाली. आम्ही सगळे मागच्या दारानं, कोंबड्यांच्या मधून ये-जा करतो.

हा वकील आमचा, अलिबागचा. केतन मला त्याच्याकडे घेऊन गेला. मला वाटलं नाव-गाव विचारील. त्यानं विचारलं, "आजी, तुम्ही असं बोललातच का?"

मी म्हटलं, "ती पडली म्हणून."

"पण पायरी वाईट आहे असं का म्हणालात?"

"मग काय, ती बाई वाईट आहे म्हणू?"

त्यानं चष्मा पुसला. म्हणाला, ग्राहक आयोगापुढे एवढंच सांगायचं, की हे लहान पोरांशी बोलायचं बोलणं आहे, त्याला काही अर्थ नसतो. मला ते पटलं आणि नाही पण पटलं. अर्थ नसता तर माझ्या सासूनं ते तिच्या सासूकडून घेतलं कशाला असतं?

मग मी त्याला माझे प्रश्न विचारले. इतकी वर्षं लोक पडतच होते, मग पडण्याची केस कधीपासून व्हायला लागली? तो म्हणाला, पाहुणा पैसे देऊन राहतो तेव्हा तो पाहुणा नसतो, ग्राहक असतो. हे मी घरी येईपर्यंत चघळत होते. म्हणजे तुला मी जे बोंबील वाढले ते पाहुणी म्हणून की ग्राहक म्हणून? माझ्या हाताला तर फरक कळला नाही. ज्या कंपनीच्या ॲपवर तुम्ही खोली बघितली, तिचं काय, असं पण विचारलं. ती म्हणते आम्ही फक्त गाठ घालून दिली. लग्न जमवणारा जेवून हात धुतो आणि पुढं नांदलं न नांदलं तुमचं तुम्ही बघा म्हणतो, तसलं. पाहुणा पडला तर भरून देणारा विमा असतो म्हणे. केतननं तो काढलाच नव्हता. होडीचा विमा असतो, मला ठाऊक आहे. पायरीचा विमा कुणाला सुचेल?

म्हणजे हरलो तर मागची नारळाची वाडी विकायची, दुसरं काही आमच्यापाशी नाही. हे तुला घाबरवायला लिहीत नाही. तुला ठाऊक असलं पाहिजे म्हणून लिहिलं.

त्या वकिलाकडे मी व्हिडिओ बघितला. तुझ्या लेकानं मोबाईलवर काढलेला, तुझ्या वकिलानं पाठवलेला. मी एवढी वाकलेय हे मला माहीत नव्हतं. व्हिडिओ सुरू होतो तेव्हा तू आधीच खाली बसलेली, पडताना दिसत नाहीस. मी चापट मारते, मुंगी मेली म्हणते, आणि सुचिता, तू हसतेस. डोळ्यांत पाणी आणि तोंडावर हसू. मी परत लावायला सांगितला. परत पण हसलीस. मग थट्टा झाली ती कुणाची? तुझ्या लेकाची झाली असेल, तोच तेवढा हसत नव्हता.

पायरी मी तेव्हापासून रोज बघते, दोरीच्या अलीकडून. पूर्वी तिथं जांभ्याचा दगड होता. खडबडीत, कुरूप. केतननं त्यावर टाइल बसवली, आरशासारखी, फोटो चांगले येतात म्हणून. मी खांब धरूनच चढते, पण ते माझ्या गुडघ्यांमुळे. तू तर तेव्हा चांगली टणक होतीस.

नवीन वर्ष तुला सुखाचं जावो. आता तरी लिही.

बायजा


काशीद, संक्रांतीनंतरचा शनिवार

माझी पत्रं वकिलाला वाचायला देतेस? लाज कशी वाटत नाही!

की तुझ्या हातातच पडत नाहीत? तुझ्या वकिलाचं दुसरं पत्र आलं, या वेळी मराठीतून. मला वाटलं सुधारला. त्यात लिहिलंय, जाबदार क्रमांक दोन यांनी आपल्या पत्रात स्वतः कबूल केलं आहे की त्या खांब धरल्याशिवाय पायरी चढत नाहीत, म्हणजे धोका त्यांना ठाऊक होता. गुडघ्यांचं त्यानं खाल्लं. आणि खाली, यापुढे आमच्या अशिलाशी संपर्क करू नये. तक्रार आता अलिबागच्या ग्राहक आयोगात लावलीय, तारीख शिमग्यानंतरची.

पत्र केतनच्या हाती पडलं. मग जे व्हायचं ते झालं. "आजी, तू त्यांना पत्रं लिव्हतेस? आपल्याच पायावर धोंडा पाडतेस?"

मी म्हटलं, "धोंडा असता तर बरं झालं असतं. तू टाइल पाडलीस."

तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. त्यात हळदीकुंकू आलं. वाडीतल्या बायका नटूनथटून पुढच्या दारी आल्या, बघतात तर दोरी. पैठण्या वर धरून कोंबड्यांतून मागच्या दारानं आत आल्या. आवडाबाई म्हणाली, "काय गं बायजे, तुझ्या घरात कोण राजा येणार हाय, की आम्हांला मागनं घेतेस?" मी म्हटलं, "न्यायाधीश येणार हाय." सगळ्या हसल्या. मला हसू आलं नाही. बायका गेल्या तेव्हा मनात आलं, की ही पायरी नक्की काय करते ते एकदा बघितलं पाहिजे. पुराव्याला हात लावायचा नाही म्हणाला होता वकील. पाय लावायचा नाही असं म्हणाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी केतन मुरूडला गेल्यावर मी दोरीखालून आत शिरले. आधी अनवाणी, कोरड्या टाइलवर. काही नाही. चप्पल घालून, काही नाही. मग पाय ओले केले, खांबाला हात ठेवून चढले उतरले. थोडं वाटलं, पण पडण्याजोगं नाही. मला जरा बरंच वाटलं, खोटं कशाला सांगू. म्हटलं, बघ, ही सुचिताच वेंधळी.

मग पिंप दिसलं. ते निळं पिंप आठवतं का तुला, पायरीच्या बाजूचं, पाय धुवायला ठेवलेलं? तू किनाऱ्यावरून आलीस तेव्हा तुझ्या पायाला वाळू होती. माझ्या पायाला नव्हती. मी करवंटीभर वाळू आणली. ओल्या टाइलवर टाकली. मोहरी सांडावी तशी पसरली, पण दिसेना. आणि एक पाऊल ठेवलं, सावकाश, काळजीपूर्वक, तुझ्या वकिलाच्या भाषेत, आणि कुठला पाय आधी गेला ते मला पण कळलं नाही. खांब धरला होता म्हणून नुसती बसकण बसली. हाडं शाबूत आहेत. तुझ्यासारखं झालं असतं तर या वयात परत उभी राहिले नसते.

कल्पिता धावत आली. तिनं मला धरलं, आणि मग काय केलं असेल? पायरीला चापट मारली. आणि बोलली. काय बोलली ते लिहिणार होते, पण आता वकील वाचतो, म्हणून लिहीत नाही.

तिळगूळ पाठवतेय. तुझ्यासाठी आहे. वकिलाला दिलास तर त्याच्या दातात खडा निघो.

बायजा


काशीद, माघी गणपतीच्या दुसऱ्या दिवशी

वकील, हे तू आधी उघडणार हे मला ठाऊक आहे. उघड. पेन घेऊन बस, तुझ्या कामाचं पुष्कळ आहे यात. पण वाचून झालं की जिचं आहे तिला दे.

सुचिता, कल्पिता काय बोलली ते सांगते. पायरीला चापट मारून ती म्हणाली, "मेली अशीच हाय ही, त्या पुण्याच्या पोरीला पण पावसात असंच पाडलंन!"

मी तिथंच बसले होते, पाय पसरून. तिच्याकडे बघितलं आणि विचारलं, "हे खरं बोललीस, की मला पोर समजून बोललीस?"

कल्पितानं हात मागं घेतला. मला तेव्हा तुझा लेक आठवला. तो पण माझ्या तोंडाकडे असाच बघत होता त्या दिवशी, मोबाईल धरून. मराठी त्याला येत असेल, पण ही म्हातारी आईला फुंकर घालतेय की खरं सांगतेय, हे त्याला कसं कळावं? मला माझ्या घरात कळेना. म्हणून त्याच्यावरचा माझा राग थोडा कमी झाला. सगळा नाही.

केतन आला तसा मी त्याला पायरीपाशीच गाठलं.

"पावसात इथं कोण पडलं होतं?"

"कुणी सांगितलं तुला?"

"पायरीनं. बोल."

तो कल्पिताकडे बघायला लागला. ती जमिनीकडे. मग म्हणाला, "एक मुलगी होती. मनगट जरा मुरगळलं. आम्ही मुरूडला नेलं, पट्टी केली, एक रात्र फुकट ठेवली. तिनं काय तक्रार न्हाय केली, आजी. पाच तारे दिले उलट."

"पडलेल्या पोरीनं पाच तारे दिले?"

"व्हय. लिव्हलं, जेवण एकदम मस्त, माणसं घरच्यासारखी."

"आणि मी कुठं होते?"

"म्हसळ्याला, आत्याकडे."

तर असं. मी खोटं म्हणून बोलले ते खरं निघालं. मी बोलले होते दोघांना पाडलंय. एक ती पुण्याची, आणि दुसरी जागा रिकामी होती ती मी जाऊन भरली. अलिबागचा वकील मला सांगायला लावतोय की त्या बोलण्याला अर्थ नव्हता. त्याला हे सगळं सांगितलं तर तो म्हणाला, मग आजींना आपण बोलायलाच उभं करायचं नाही. मी म्हटलं, "मी दोन नंबर हाय ना? माझ्या नावानं नोटीस आलीय. मला कुणी उभं करायची गरज न्हाय."

अलिबागहून केतनबरोबर गाडीतून परत निघाले. साळाव आलं तेव्हा तो म्हणाला, "आजी, हे बोललीस तर वाडी जाईल. तू कुणाच्या बाजूची?"

मी म्हटलं, "तिघी पडलो आम्ही. तू अजून उभा हायस म्हणून तुला बाजू सुचतेय."

त्यावर तो रडला. रडू दिलं. चापट मारायला गाडीत काही नव्हतं.

आता माझं राहिलंय ते. पहिल्या पत्रात मी लिहिलं, मी तव्यापाशी होते, मला आवाज तेवढा आला. तव्यापाशी होते हे खरं. पण तिथून मी तुला हाक मारली होती. बोंबील तव्यावरून उतरले की लगेच खायचे असतात, थांबले की मऊ पडतात, आणि तू पिंपापाशी पाय धूत बसली होतीस. पिंप तिथं मीच ठेवलेलं, माझं घर वाळूनं भरू नये म्हणून. मी ओरडले, आत्ताच्या आत्ता ये. आणि तू आलीस. सावकाश नाही, काळजीपूर्वक नाही. या वयाची बाई, ओल्या वाळूच्या पायांनी, शाळा सुटल्यासारखी धावत आलीस. धावता धावता मला उलट काहीतरी ओरडलीस पण. मी ऐकलं, हसले, आणि मग तो आवाज आला.

तू धावलीस हे तुझ्या नोटिशीत नाही. मी हाक मारली हे आमच्या उत्तरात नाही. ती पुण्याची पोर कुणाच्याच कागदात नाही. मग तो न्यायाधीश न्याय करणार कशाचा, नुसत्या टाइलचा?

शिमग्यानंतरच्या तारखेला मी जाणार आहे आणि हे सगळं सांगणार आहे. टाइल, पिंप, हाक, पुण्याची मुलगी. दारात तुझा खुबा मोडला, त्याचं जे ठरेल ते आम्ही भरू, वाडी विकून भरावं लागलं तर वाडी विकून. केतनला हे पटलेलं नाही, पण काल त्यानं घरामागं जांभ्याचा एक दगड आणून टाकला. तारीख झाली की बसवील.

पण तू धावलीस ते तुझं. ते मी माझ्यावर घेणार नाही. तुला खुर्चीत बसवून चार माणसांनी तीन मजले खाली आणलं तरी चालेल, पण तू यायचंस आणि आपल्या तोंडानं सांगायचंस. तू सांगितलंस तर माझं बोलणं खरं धरतील. तू गप्प बसलीस तर मी एक म्हातारी, जी बायांशी पोरांशी बोलावं तसं बोलते आणि जिच्या बोलण्याला अर्थ नसतो. एक विचारते, रागावू नको. इतके महिने तू गप्प आहेस ती दुखण्यामुळे, की लेकाला तू धावल्याचं सांगितलंच नाहीस म्हणून? या वयात धावलो म्हणायची लाज वाटते का? मला तर तू धावलीस तेच आवडलं होतं.

आता उत्तर द्यायचं. वकिलानं नाही, प्रज्योतनं नाही, केतनला फोन करून तर मुळीच नाही. तू द्यायचंस, तुझ्या अक्षरात. आणि तूच लिहिलंस हे मला कळायला, धावताना तू मला काय ओरडलीस ते पहिल्या ओळीत लिही. ते व्हिडिओत नाही, कुठल्या कागदात नाही, फक्त तुला आणि मला ठाऊक आहे. ती ओळ नसली तर पुढचं मी वाचणार नाही.

बायजा